रिकाम्या जागेचा मान राखणारे गणिती : समौअल अल-मगरिबी

इल्म ही अल्लाहची अमानत आहे. ती कशी सांभाळावी, हे समौअल अल-मगरिबी यांच्या चरित्रातून उमगते. इ.स. ११३० च्या सुमारास बगदादमधील एका यहुदी घराण्यात त्यांचा जन्म झाला. वडील मूळचे मगरिबमधील फास शहरचे विद्वान व कवी. युक्लिडच्या आरंभीच्या भागांपलीकडे शिकवील असा गुरू बगदादमध्ये मिळेना. तेव्हा उरलेले ग्रंथ समौअल यांनी स्वतःच अभ्यासले आणि वयाच्या एकोणिसाव्या वर्षी ‘अल-बाहिर’ हा बीजगणितावरील ग्रंथ लिहिला.

त्यांच्यापूर्वी अल-करजी यांनी बहुपदीला एकपदीने भागण्यापर्यंत मजल मारली होती. समौअल यांनी बहुपदीने भागण्याची कोष्टक-रीत दिली. या रीतीचा उपयोग आपल्या निफाडमधील एखाद्या मशिदीच्या वुजूच्या हौदावर ताडून पाहू. समजा, हौदाचे घनफळ ‘क्षचा घन, वजा ७क्ष, अधिक ६’ आहे. तळाचे क्षेत्रफळ ‘क्षचा वर्ग, अधिक २क्ष, वजा ३’ आहे. खोली अज्ञात आहे. घनफळात वर्गाचे पद नाही, म्हणून तेथे शून्य मांडावे : १, ०, −७, ६. खाली भाजक : १, २, −३. पहिला भाग १ जातो. भाजक वजा करता −२, −४, ६ उरतात. आता −२ चा भाग जातो आणि बाकी शून्य राहते. म्हणजे खोली ‘क्ष वजा २’. क्ष ५ फूट धरल्यास तळ ३२ चौरस फूट, खोली ३ फूट आणि घनफळ ९६ घनफूट; हिशेब चोख जुळतो. ते शून्य गाळले असते, तर पुढची सारी पदे चुकीच्या घरात पडली असती.

हाच काटेकोरपणा त्यांच्या वागण्यातही होता. द्विपदीच्या सहगुणकांचा त्रिकोण अल-करजी यांचा, हे त्यांनी नावानिशी नोंदवले. करजींचे ते मूळ लेखन कालौघात हरपले. श्रेय मात्र टिकले.

पुढे ते नामांकित हकीम झाले. मन इस्लामकडे वळल्यावरही वडिलांच्या भावनेपोटी ते बराच काळ थांबले. अखेर ११६३ मध्ये मरागा येथे त्यांनी इस्लाम स्वीकारला. तेथेच ११८० च्या सुमारास त्यांचे निधन झाले.

आपली मुले शाळेत बहुपदींचा भागाकार शिकतात, तेव्हा या बुजुर्गांचे नाव त्यांच्या कानी घालावे. ज्याचे देणे त्याच्या नावे लिहिणे, हाही अमानतीचाच हिशेब आहे.