फोनच्या स्क्रीनवरचे सहा ठिपके: लुई ब्रेलची गोष्ट

अँड्रॉइड फोनमध्ये टॉकबॅक सुरू केलं की ब्रेल कीबोर्डही वापरता येतो. मी तो पहिल्यांदा उघडला तेव्हा गोंधळलोच. ना अ-आ-इ, ना ए-बी-सी. फोन आडवा, स्क्रीन आपल्यापासून पलीकडे वळवलेली, दोन्ही हातांची तीन-तीन बोटं आणि फक्त सहा ठिपके. ही आयडिया मात्र कुठल्या फोन कंपनीची नाही. एका पंधरा वर्षांच्या मुलाची आहे.

लुई ब्रेलचा जन्म ४ जानेवारी १८०९ चा, पॅरिसजवळच्या कूव्रे गावातला. वडील घोड्यांचं खोगीर, लगाम बनवायचे. तीन वर्षांचा लुई त्यांच्या अवजारांशी खेळत होता, तेव्हा टोकदार अवजार डोळ्यात घुसलं. संसर्ग दुसऱ्या डोळ्यातही पसरला आणि दोन्ही डोळे गेले.

१८१९ मध्ये तो पॅरिसच्या अंध मुलांच्या शाळेत आला. तिथे पुस्तकं होती, पण नेहमीच्याच अक्षरांचे मोठमोठे उठाव असलेली. एकेक अक्षर चाचपत वाचायचं, आणि स्वतः लिहिणं तर जवळपास अशक्यच.

मग लष्करी अधिकारी शार्ल बार्बिए यांची ठिपक्यांची लिपी शाळेत आली. एका चिन्हात बारा ठिपके, तेही स्पेलिंगसाठी नाही, उच्चारांसाठी. बोटाच्या एका टोकाखाली ते मावायचे नाहीत. लुईने ते सहावर आणले. प्रत्येक ठिपका आहे किंवा नाही, म्हणजे आजच्या भाषेत सहा बिट. रिकामी जागा सोडली तर ६३ चिन्हं! १८२४ मध्ये हे जमलं, १८२९ मध्ये पुस्तकरूपात आलं.

पुढे ब्रेल तिथेच शिक्षक झाले. मुलांना ही लिपी आवडायची, पण डोळस शिक्षकांना ती वाचता येत नव्हती, त्यामुळे विरोध झाला. ६ जानेवारी १८५२ ला क्षयाने ब्रेल गेले. फ्रान्सने लिपीला अधिकृत मान्यता दिली ती १८५४ मध्ये.

आपल्या मुंबईत अ‍ॅना मिलार्ड यांनी १९०० साली अंध मुलांसाठी शाळा सुरू केली. तीच आजची दादरची शाळा. १९५१ मध्ये भारतीय भाषांसाठी भारती ब्रेल आलं. त्यात क म्हणजे ठिपका १ आणि ३, मग मराठी असो, हिंदी असो की गुजराती. दादर-परळसारख्या भागात एका वर्गात तीन भाषांची मुलं बसली, तरी क एकच!

बालवर्गात सुरुवात साधीच होते. अंड्यांच्या ट्रेचे सहा खण घ्यायचे आणि त्यात गोट्या ठेवत ठिपक्यांच्या जागा ओळखायच्या. मग ब्रेल पाटी, मग कीबोर्ड.

आता फोनच सगळं वाचून दाखवतो, मग ब्रेल कशाला? मलाही हाच प्रश्न पडला होता. पण ‘दिन’ आणि ‘दीन’ कानाला जवळपास सारखेच लागतात. बोटाला मात्र पहिल्यात २-४ लागतात, दुसऱ्यात ३-५. नुसतं ऐकून मोठं झालेलं मूल शुद्धलेखन शिकणार कुठून? डोळस मुलाला आपण ऑडिओबुक देतो म्हणून त्याची पाटी काढून घेत नाही ना?

टॉकबॅक एकदा सुरू करून बघा. त्यात एका टॅपने निवड होते, उघडायला दोनदा टॅप करावं लागतं, एवढं लक्षात ठेवा. आणि पहिलं अक्षर क टाइप करा.