मलिक अंबर : जमिनीखालच्या पाण्याचा वजीर

वेरूळची लेणी पाहून परतणारे पर्यटक खुलताबादला औरंगजेबाच्या कबरीपाशी थांबतात. त्याच गावात असलेल्या दुसऱ्या एका घुमटाकडे मात्र फार थोड्यांची पावले वळतात. तेथे मलिक अंबर चिरनिद्रा घेत आहे. जहांगीर बादशहाची झोप उडविणारा सेनानी आणि गनिमी काव्याचा जाणकार म्हणून इतिहासाने त्याची नोंद घेतली. पण दख्खनच्या शेतकऱ्याला आणि आजच्या छत्रपती संभाजीनगरला त्याने जे दिले, ते तलवारीने मिळविलेले नव्हते.

आफ्रिकेतील इथिओपियात सन १५४८च्या सुमारास त्याचा जन्म झाला. चापू हे त्याचे मूळ नाव. बालवयातच तो गुलामांच्या बाजारात विकला गेला. पश्चिम आशियात हातोहात फिरत असताना मीर कासीम नावाच्या मालकाने त्याचे गुण हेरले, त्याला शिक्षण दिले आणि अंबर हे नाव दिले. पुढे तो दख्खनमध्ये आला. अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगेजखान याने त्याला विकत घेतले. विशेष म्हणजे चंगेजखान स्वतःही एके काळी हबशी गुलामच होता. राज्यकारभार आणि हिशेब यांचे पहिले धडे अंबरने त्याच्याच हाताखाली गिरविले. धन्याच्या मृत्यूनंतर अंबर मुक्त झाला. काही काळ विजापूरकरांची चाकरी करून तो पुन्हा निजामशाहीत परतला.

सन १६००मध्ये अहमदनगरचा किल्ला मुघलांच्या हाती पडला आणि निजामशाही संपली, असे सर्वांनाच वाटले. अंबरने परांड्याला दुसऱ्या मुर्तझा निजामशहाला गादीवर बसवून ती पुन्हा उभी केली. पुढील पाव शतक या राज्याचा खरा कर्ता पुरुष तोच होता.

शेतकऱ्याला दिलासा

सततच्या लढायांनी गावे ओस पडली होती. महसूल वसुलीचा इजारा दिला जाई आणि इजारदार मुदत संपण्यापूर्वी रयतेला पिळून काढी. फौज पोसायची तर आधी शेत पिकले पाहिजे, हे अंबरने ओळखले. त्याने इजाऱ्याची पद्धत बंद केली. जमिनीची प्रत आणि प्रत्यक्ष येणारे पीक पाहून सारा ठरविण्याची पद्धत लागू केली. तिच्यावर अकबराचा मंत्री तोडरमल याच्या व्यवस्थेचा प्रभाव होता, असे इतिहासकार मानतात. आरंभी सरकारचा वाटा धान्याच्या रूपाने घेतला जाई. काही हंगामांचा अनुभव घेतल्यानंतर तो रोख रकमेत बदलण्यात आला आणि दरवर्षीच्या लागवडीनुसार ठरू लागला. धान्यातील वाटा दोन पंचमांश होता आणि रोख सारा उत्पन्नाच्या एक तृतीयांशाएवढाच पडे, असे परंपरा सांगते. मोडकळीस आलेली गावगाड्याची व्यवस्थाही त्याने सावरली. निजामशाही गेल्यानंतरही मराठी मुलखात मलिकंबरी धाऱ्याचे नाव दीर्घकाळ टिकून राहिले.

खडकीची नहर

सन १६१०च्या सुमारास त्याने खाम नदीकाठच्या खडकी या गावी नवे शहर वसविले. राजधानीसाठी जागा मोक्याची होती, पण नाव सांगते त्याप्रमाणे भूमी खडकाळ आणि पाऊस बेभरवशाचा. अंबरने यावर जे उत्तर शोधले, ते नहर-ए-अंबरी म्हणून प्रसिद्ध आहे. शहराच्या उत्तरेस हर्सूलच्या बाजूला जमिनीत मुरलेले पाणी भूमिगत बोगद्यात झिरपू द्यायचे आणि बोगद्याला बेताचा उतार देऊन ते शहरापर्यंत आणायचे, अशी ही योजना होती. बोगद्याची सफाई करता यावी आणि आत हवा खेळावी म्हणून ठिकठिकाणी उभे झरोके ठेवले होते. शहरात खापराच्या नळांतून पाणी हौदांपर्यंत पोहोचे. मोट नाही, रहाट नाही, बैल नाही. पाणी केवळ उताराच्या बळावर वाहत असे. शिवाय जमिनीखाली असल्याने उन्हाने ते आटतही नसे.

हे तंत्र पश्चिम आशियात फार पूर्वीपासून प्रचलित होते. ज्या प्रदेशातून अंबर गुलाम म्हणून विकला गेला, तेथीलच ही विद्या त्याच्या शहराच्या कामी आली. योगायोग असा, की त्याच काळात बुऱ्हाणपूरला अशीच भूमिगत नहर बांधविणारा अब्दुर्रहीम खानखानान हा रणांगणावर अंबरचा प्रतिस्पर्धी होता.

सन १६१६मध्ये रोशनगावच्या लढाईत अंबरचा पराभव झाला आणि मुघल फौजांनी खडकी उद्ध्वस्त केली. अंबर मात्र खचला नाही. सन १६२४मध्ये भातवडीला मुघल आणि विजापूरकर यांच्या संयुक्त फौजेसमोर त्याने तेथील तलावाचा बांध फोडून रान चिखलमय केले आणि शत्रूची कोंडी केली. शहाजीराजे भोसले या लढाईत त्याच्या बाजूने लढले. हा विजय त्याच्या आयुष्याचा कळस ठरला. सन १६२६मध्ये, ऐंशीच्या घरात असताना, त्याचे निधन झाले. त्यानंतर दहा वर्षांतच निजामशाहीचा शेवट झाला.

पुढे खडकीचे फत्तेनगर झाले, मग औरंगाबाद आणि २०२३मध्ये छत्रपती संभाजीनगर. नावे बदलली, राजवटी बदलल्या, तरी नहर विसाव्या शतकापर्यंत शहराची तहान भागवीत राहिली. त्यानंतर मात्र बांधकामे आणि दुर्लक्ष यांमुळे तिचे झरोके बुजले, नळ फुटले. आज जायकवाडीचे पाणी विजेच्या बळावर चढवून शहरात आणावे लागते आणि तरीही टंचाईची ओरड थांबत नाही. वाढलेल्या लोकसंख्येची सारी गरज ती जुनी नहर भागवू शकणार नाही, हे खरे. पण पडलेला पाऊस जमिनीत मुरू द्यावा आणि मुरलेले पाणी जपून वापरावे, हा तिचा धडा जुना झालेला नाही. तेवढा गिरविला, तरी खुलताबादला विसावलेल्या त्या वजिराचे ऋण काही अंशी फिटेल.