शिरढोणच्या फडक्यांनी सोडलेल्या नोकऱ्या

नोकरीला लागून जेमतेम तीन महिने झालेले, आयकार्डची दोरीही अजून नवी. तेवढ्यात दुसऱ्या कंपनीतून फोन येतो, पगार थोडा जास्त. जावं की थांबावं? नेऱ्याला पनवेलच्या गाडीची वाट बघणाऱ्या कुठल्याही ग्रुपमध्ये हा विषय निघतोच. म्हणून आज आपल्याच तालुक्यातल्या एका नोकरदाराची गोष्ट सांगते. नाव तुम्हाला शाळेपासून पाठ आहे, वासुदेव बळवंत फडके. आद्य क्रांतिकारक म्हणून आपण त्यांना ओळखतो, पण त्याआधी बरीच वर्षं ते कारकून होते, हे पटकन आठवत नाही.

जन्म ४ नोव्हेंबर १८४५, शिरढोण. म्हणजे नेऱ्याहून पनवेलला यायचं आणि गोव्याचा रस्ता धरायचा. आजोबा कर्नाळ्याचे किल्लेदार. त्यामुळे कुस्ती आणि घोडेस्वारीची ओढ घरातूनच आलेली. वडिलांचं म्हणणं पडलं की शिक्षण पुरे, एका दुकानात महिना दहा रुपयांवर लाग. वासुदेवनं ती पहिलीच ऑफर नाकारली आणि मुंबई गाठली. तिथे जीआयपी रेल्वेत नोकरी धरली. ती सोडून ग्रँट मेडिकल कॉलेजात कारकुनी केली आणि तिथून लष्कराच्या कमिसरियट खात्यात गेले. विशीच्या आसपास तीन नोकऱ्या! आजच्या एचआरनं बायोडेटा बघून भुवया उंचावल्या असत्या.

पुढे पुण्याला लष्कराच्या हिशेबखात्यात आले आणि इथे मात्र टिकले. सरकारी पगार दरमहा हातात पडायचा, आणि ऑफिस सुटलं की उरलेला वेळ स्वतःचा. त्या वेळेत ते लहुजी वस्ताद साळव्यांकडे शस्त्रविद्या शिकले, न्यायमूर्ती रानड्यांची भाषणं ऐकली. वामन प्रभाकर भावे आणि लक्ष्मण नरहर इंदापूरकर यांच्यासोबत त्यांनी शाळेचं काम उभं केलं. आजची महाराष्ट्र एज्युकेशन सोसायटी त्यातूनच वाढली.

मग शिरढोणहून आई आजारी असल्याचा निरोप आला. फडक्यांनी रजा मागितली, ती वेळेत मिळाली नाही. घरी पोचले तेव्हा आई गेलेली होती. वर्षश्राद्धालाही रजा नाकारली गेली. आपल्या आईपर्यंत जायला दुसऱ्याची सही लागते, हे त्यांच्या मनात कायमचं रुतलं.

तरीही त्यांनी रागाच्या भरात राजीनामा फेकला नाही. काम चालू ठेवलं. १८७६-७७ च्या दुष्काळात माणसं उपाशी मरताना पाहिली, गावोगाव फिरून लोकांशी बोलले. आणि १८७९ मध्ये टेबल कायमचं सोडलं. रामोशी, कोळी, धनगर साथीदार जमवून त्यांनी इंग्रज सरकारविरुद्ध बंड उभारलं. जुलै १८७९ मध्ये ते पकडले गेले. पुण्यातल्या खटल्यात सार्वजनिक काका त्यांच्या बाजूने उभे राहिले, पण शिक्षा झाली जन्मठेपेची, एडनच्या तुरुंगात. तिथूनही ते एकदा निसटले, पुन्हा पकडले गेले. १७ फेब्रुवारी १८८३ ला तिथेच त्यांचा मृत्यू झाला. वय अवघं ३७.

तुम्हाला काही बंड करायचं नाहीये, नोकरी बदलायची की नाही एवढंच ठरवायचंय. पण नोकरी चांगली म्हणजे काय, हे मोजायला फडक्यांचं आयुष्य कामाला येतं. संध्याकाळ मोकळी मिळाली तेव्हा त्यांनी त्या नोकरीत बसून केवढं काम उभं केलं. आणि तीच पक्की नोकरी आईच्या आजारपणात आडवी आली.

तेव्हा नवी ऑफर आली की पगाराचा आकडा बघाच, रूमचं भाडं त्यावरच जायचंय. पण खालचा रजेचा नियमही नीट वाचा. आणि तिथे काम करणारं कुणी ओळखीचं असेल तर सरळ विचारा, घरून फोन आला की किती वाजता निघता येतं? नुसत्या जास्त पगारासाठी तीन महिन्यांची नोकरी सोडण्याआधी एवढं तरी विचारून घ्या.