हृदयाची रोकड

बेडकाचे हृदय शरीराबाहेर काढून योग्य क्षारांच्या पाण्यात ठेवले, तरी बराच वेळ धडधडत राहते. आमच्या माळशिरसकडे पहिल्या पावसात डबक्याकाठी ओरडणारा हा प्राणी शरीरशास्त्रज्ञांचा जुना सोबती. पण त्या ठोक्यांचा खर्च भागवतो कोण? माझी उमेदीची वर्षे बँकेत गेली, त्यामुळे मला यात हिशेबच दिसतो. आणि तो हिशेब लावणाऱ्यांत एक आपला माणूस होता.

येल्लाप्रगडा सुब्बाराव १८९५ साली आंध्रातल्या भीमवरमला जन्मले. मॅट्रिकला दोनदा नापास. मद्रासला डॉक्टरी शिकताना खादी घातली, साहेब प्राध्यापकाची मर्जी गेली आणि एमबीबीएसऐवजी कमी दर्जाची एलएमएस हाती आली. दोन भाऊ स्प्रू नावाच्या आतड्याच्या रोगाने पाठोपाठ गेले. तरुण पत्नीला मागे ठेवून ते बोस्टनला पोहोचले. पुढे मुलगा झाला, तोही तान्हेपणीच गेला. बापाने त्याचे तोंडसुद्धा पाहिले नाही.

इस्पितळात रुग्णांची भांडी उचलून त्यांनी पोट भरले आणि हार्वर्डमध्ये सायरस फिस्के यांच्या हाताखाली संशोधन केले. बेडकाच्या स्नायूतली उष्णता मोजणारे हिल आणि त्यांचे जर्मन सहकारी मायरहॉफ यांना १९२२ चे नोबेल मिळाले होते. स्नायूच्या आकुंचनामागे लॅक्टिक आम्ल असते, असा तेव्हाचा समज. १९२७ साली फिस्के-सुब्बारावांना स्नायूत क्रिएटिन फॉस्फेट सापडले. त्याच वर्षी लंडनमध्ये एगल्टन दांपत्याला बेडकाच्या स्नायूत तेच दिसले. स्नायू राबला की हा साठा घटतो, विसावला की भरतो. १९२९ साली एटीपीही सापडले, तिकडे जर्मनीत लोमान यांनाही.

बँकेच्या भाषेत सांगायचे तर एटीपी म्हणजे काउंटरवरची रोकड, क्रिएटिन फॉस्फेट म्हणजे तिजोरी आणि साखर, चरबी या ठेवी. हृदयाच्या काउंटरवर मात्र काही ठोक्यांपुरतीच रोकड असते, ती सारखी भरावी लागते. ठोके थांबवलेल्या हृदयालाही खर्च चुकत नाही. पेशींच्या आतले-बाहेरचे क्षार जागच्या जागी राखायला शक्ती लागतेच. रविवारी शाखा बंद असली म्हणून वॉचमनचा पगार थोडाच थांबतो?

हार्वर्डने त्यांना कायम जागा दिली नाही. १९४० साली ते लेडर्ले कंपनीत गेले. तिथे त्यांच्या चमूने फॉलिक आम्ल प्रयोगशाळेत तयार केले. भावांना नेणाऱ्या स्प्रूवर तेच औषध ठरले. त्याच्याच उलट गुणाचे मेथोट्रेक्सेट कर्करोगावर आले. हत्तीरोगाच्या मोहिमांत घरोघरी वाटलेल्या डीईसीच्या गोळ्याही याच प्रयोगशाळेतल्या.

ऑगस्ट १९४८ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या घरी, झोपेतच त्यांचे हृदय थांबले. वय अवघे ५३. अमेरिकेचे नागरिकत्व घेतले नव्हते, मायदेशीही परतले नव्हते. पत्नीची भेट पुन्हा झालीच नाही.