टिम बर्किन

सर हेन्री राल्फ स्टॅन्ली बर्किन, तिसरे बॅरोनेट, ऊर्फ टिम बर्किन (२६ जुलै, इ.स. १८९६ – २२ जून, इ.स. १९३३) हे ब्रिटिश मोटार-शर्यतपटू होते. फ्रान्समधील ले माँ येथील चोवीस तासांची शर्यत त्यांनी इ.स. १९२९ व इ.स. १९३१ अशी दोन वेळा जिंकली. तथापि त्यांचे नाव प्रामुख्याने जोडले जाते ते या विजयांशी नव्हे, तर एकही मोठी शर्यत न जिंकलेल्या एका गाडीशी. बेंटले कंपनीच्या साडेचार लिटर क्षमतेच्या इंजिनाला बाहेरून सुपरचार्जर जोडून त्यांनी ‘ब्लोअर बेंटले’ ही गाडी घडवून आणली. मूळ इंजिनाचे निर्माते वॉल्टर ओवेन बेंटले यांचा या जोडणीला ठाम विरोध होता.

पूर्वायुष्य

बर्किन यांचा जन्म इंग्लंडमधील नॉटिंगहॅम येथील एका श्रीमंत कुटुंबात झाला. विणलेल्या जाळीदार झालरीच्या, म्हणजे लेसच्या धंद्यावर या घराण्याने संपत्ती मिळवली होती. ‘टायगर टिम’ या त्या काळच्या लोकप्रिय चित्रकथेतील पात्रावरून त्यांना लहानपणी ‘टिम’ हे टोपणनाव मिळाले आणि ते आयुष्यभर टिकले. पहिल्या महायुद्धात ते रॉयल फ्लाइंग कोअर या हवाई दलात अधिकारी होते. पॅलेस्टाइनमधील सेवेत त्यांना हिवताप जडला. या आजाराने त्यांची पाठ पुढे कधीच पूर्णपणे सोडली नाही.

युद्धानंतर इ.स. १९२१ मध्ये त्यांनी ब्रुकलँड्स येथील धावपट्टीवर डीएफपी या फ्रेंच गाडीतून शर्यतींना आरंभ केला. त्याच वर्षी त्यांचा ऑड्री लॅथम यांच्याशी विवाह झाला. त्यांना दोन मुली झाल्या. इ.स. १९२८ मध्ये हा विवाह संपुष्टात आला. मधली काही वर्षे व्यवसायात घालवून इ.स. १९२७ मध्ये ते धाकटे बंधू आर्ची यांच्यासह पुन्हा शर्यतीत उतरले. त्याच वर्षी जून महिन्यात आयल ऑफ मॅन बेटावर मोटारसायकल शर्यतीचा सराव करताना आर्ची यांचा अपघाती मृत्यू झाला. कर्क मायकेल गावाजवळील ते वळण आजही ‘बर्किन्स बेंड’ या नावाने ओळखले जाते. भावाच्या मृत्यूनंतरही टिम यांनी शर्यती सोडल्या नाहीत.

अंगाने लहानखुरे, बोलताना किंचित अडखळणारे आणि गळ्यात निळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा रेशमी रुमाल बांधणारे बर्किन गाडीत बसले की अगदी निराळे होत. इ.स. १९२८ च्या ले माँ शर्यतीत आघाडीवर असताना त्यांच्या गाडीचा टायर फुटला. वजन वाचवण्यासाठी गाडीत जॅक ठेवलेला नव्हता. चाकाच्या लोखंडी कडेवर जमेल तितकी गाडी रेटून शेवटी ते पायी थांब्यावर आले. त्यांचे सहचालक झाँ शासान्य तेव्हा पंचेचाळिशी ओलांडलेले होते. ते जॅक काखेत मारून गाडीपर्यंत धावत गेले. सुमारे तीन तास वाया जाऊनही या जोडीने पाचवा क्रमांक मिळवला.

साध्या इंजिनाला भाता

सामान्य पेट्रोल इंजिनात पिस्टन खाली सरकताना जी पोकळी निर्माण होते, तीत बाहेरची हवा केवळ वातावरणाच्या दाबाने शिरते. अशा इंजिनाला नैसर्गिक श्वसनाचे इंजिन म्हणतात. हवा मोजकी आली की पेट्रोलही मोजकेच जळते, आणि शक्तीला तेथेच मर्यादा पडते. ही मर्यादा ओलांडण्याचे दोन मार्ग आहेत. एक म्हणजे सिलिंडर मोठे करणे किंवा त्यांची संख्या वाढवणे. दुसरा म्हणजे आहे त्याच सिलिंडरांत हवा जबरदस्तीने कोंबणे. लोहार भात्याने भट्टीतील विस्तव जसा फुलवतो, तसाच हा दुसरा मार्ग होय. इंग्रजीतील ‘ब्लोअर’ या शब्दाला मराठीत ‘भाता’ याहून चपखल शब्द सापडणे कठीण.

हा भाता इंजिनाच्याच क्रँकशाफ्टवर फिरत असेल तर त्याला सुपरचार्जर म्हणतात. बाहेर पडणाऱ्या जळक्या वायूंच्या झोताने फिरत असेल तर तो टर्बोचार्जर. टर्बोचार्जरचे पेटंट स्विस अभियंते आल्फ्रेड ब्यूशी यांनी इ.स. १९०५ मध्येच घेतले होते. परंतु विक्रीच्या मोटारगाड्यांत तो इ.स. १९६२ मध्ये, अमेरिकेत, प्रथम आला. त्यामुळे बर्किन यांच्या काळी गाडीला भाता जोडणे म्हणजे सुपरचार्जर जोडणे, असाच अर्थ होता. दोन्ही प्रकारांत मिळणारे बळ फुकटचे नसते. दाबलेली हवा तापते, सिलिंडरातील ज्वलन अधिक प्रखर होते, पिस्टन, झडपा व बेअरिंगांवर ताण वाढतो आणि पेट्रोलचा खप चढतो. मूळ रचना हा ताण गृहीत धरून केलेली नसेल तर काहीतरी तुटणे ओघानेच येते.

बेंटले यांचा आक्षेप नेमका येथेच होता. अधिक शक्ती हवी असेल तर इंजिन मोठे करावे, असे त्यांचे मत होते. त्यांच्या गाड्या तीन लिटरवरून साडेचार, साडेसहा आणि पुढे आठ लिटरपर्यंत वाढत गेल्या, त्या याच विचाराने. सुपरचार्जर बसवणे म्हणजे आपल्या रचनेचा विपर्यास करणे होय, असे ते मानीत. बर्किन यांना मात्र चार सिलिंडरांची, तुलनेने हलकी साडेचार लिटरची गाडी प्रिय होती. जर्मनीची मर्सिडीज-बेंझ आणि इटलीची अल्फा रोमिओ सुपरचार्जरच्या बळावर जिंकू लागल्या होत्या, हेही त्यांच्या डोळ्यांसमोर होते. दोन्ही बाजू आपापल्या जागी सुसंगत होत्या. एकाला चोवीस तास टिकणारी गाडी हवी होती, तर दुसऱ्याला समोरच्याच्या पुढे जाणारी.

सुपरचार्जरच्या रचनेसाठी बर्किन यांनी अभियंते ॲम्हर्स्ट व्हिलिअर्स यांना गाठले. वेल्विन येथे कार्यशाळा उभारली. बेंटलेच्या पहिल्या इंजिनाच्या रचनेत सहभागी असलेले क्लाइव्ह गॅलप त्यांच्याकडे आले. स्वतःचा पैसा अपुरा पडू लागल्यावर डोरोथी पॅजेट या तरुण व अतिश्रीमंत महिलेने खर्चाचा भार उचलला. घोड्यांच्या शर्यतींच्या इतिहासातही त्यांचे नाव आहे. चेल्टनहॅम गोल्ड कप सलग पाच वर्षे जिंकणारा ‘गोल्डन मिलर’ हा घोडा त्यांचाच. ले माँच्या नियमानुसार अशा ५० गाड्या विक्रीसाठी बनवणे आवश्यक होते. ही परवानगी बेंटले देणे शक्यच नव्हते. परंतु कंपनीची आर्थिक सूत्रे तोवर वुल्फ बार्नाटो यांच्या हाती गेली होती आणि त्यांनी ती दिली. आपल्या नावाच्या कंपनीत आपलाच शब्द न चालणे हे बेंटले यांच्या वाट्याला आलेले दुर्दैव होते. असे असूनही इ.स. १९२९ च्या आर्ड्स येथील टुरिस्ट ट्रॉफी शर्यतीत हेच बेंटले ब्लोअर गाडीत बर्किन यांच्या शेजारी मेकॅनिक म्हणून बसले, ही गोष्ट दोघांच्याही स्वभावावर प्रकाश टाकते.

सुपरचार्जर सामावून घेण्यासाठी इंजिनाच्या मूळ सांगाड्याला हात लावू देण्यास बेंटले राजी नव्हते. म्हणून तो रेडिएटरच्याही पुढे, दोन्ही पुढच्या चाकांच्या मध्ये, क्रँकशाफ्टच्या टोकाला जोडण्यात आला. त्याखेरीज क्रँकशाफ्ट, पिस्टन व वंगणव्यवस्था वेगळी करावी लागली. ४,३९८ घन सेंटिमीटरचे हे इंजिन साध्या रूपात सुमारे ११० अश्वशक्ती देई. सुपरचार्जरसह विक्रीच्या गाडीत ती १७५ आणि शर्यतीच्या गाडीत सुमारे २४० पर्यंत गेली. सिलिंडरांचे आकारमान तेच ठेवून शक्ती दुपटीहून अधिक झाली, हे यश लहान नव्हे. मात्र पुढच्या टोकाला लोंबणाऱ्या या वजनामुळे गाडी वळणावर सहजी वळेनाशी झाली आणि तिची पेट्रोलची भूक विलक्षण वाढली.

एकूण ५५ ब्लोअर गाड्या तयार झाल्या. त्यांपैकी पाच शर्यतीसाठी होत्या. इ.स. १९२९ च्या ले माँ शर्यतीच्या वेळी त्या तयार नव्हत्या. ती शर्यत बर्किन यांनी बार्नाटो यांच्यासह ‘स्पीड सिक्स’ या नैसर्गिक श्वसनाच्या, साडेसहा लिटरच्या बेंटलेतून जिंकली.

ले माँ, इ.स. १९३०

जून १९३० मध्ये पॅजेट यांच्या संघाच्या दोन ब्लोअर गाड्या ले माँला उतरल्या. कंपनीच्या स्वतःच्या स्पीड सिक्स गाड्या वेगळ्या होत्या. समोर रुडॉल्फ काराचिओला आणि क्रिस्टियान वेर्नर यांची एकटी मर्सिडीज होती. तिचे इंजिन सात लिटरचे, त्यातच सुपरचार्जर. परंतु तो सतत चालत नसे. चालकाने ॲक्सिलरेटर तळाशी दाबला तरच तो इंजिनाशी जोडला जाई आणि तोही थोडा वेळच वापरणे हिताचे असे. बर्किन यांचा भाता मात्र अखंड फिरत असे.

सुरुवातीच्याच फेऱ्यांत मुल्साँच्या लांब सरळ रस्त्यावर बर्किन यांनी काराचिओला यांना मागे टाकले. त्या वेळी त्यांच्या गाडीची चाके रस्त्याच्या कडेच्या गवतावर उतरली होती आणि मागच्या टायरची साल निघू लागली होती. लवकरच तो टायर फुटला. तरीही त्यांनी ताशी सुमारे १४४ किलोमीटर सरासरीची फेरी नोंदवली. ती त्या शर्यतीतील सर्वांत वेगवान फेरी ठरली. मध्यरात्रीनंतर मर्सिडीज बिघाडामुळे बाद झाली. त्यानंतर दोन्ही ब्लोअर गाड्यांनीही शर्यत संपण्यापूर्वीच मान टाकली. पहिला व दुसरा क्रमांक स्पीड सिक्स गाड्यांनी पटकावला. बार्नाटो आणि ग्लेन किडस्टन विजयी झाले.

मर्सिडीजला दमवून बाद करण्यासाठी बर्किन यांनी ठरवून स्वतःचा बळी दिला, असे अनेक पुस्तकांतून सांगितले जाते. ही कथा मोहक आहे, पण ती जपून घ्यावी. पॅजेट यांचा संघ कंपनीहून स्वतंत्र होता, आणि मागे राहून गाडी जपणे हे बर्किन यांच्या प्रकृतीत मुळीच नव्हते. निकाल मात्र बेंटले यांच्या मताला अनुकूल असा लागला, हे निर्विवाद.

पाऊ आणि नंतर

ब्लोअरचे सर्वांत मोठे यश अनपेक्षित ठिकाणी आले. सप्टेंबर १९३० मध्ये पाऊ येथे झालेल्या फ्रेंच ग्रां प्री शर्यतीत बर्किन यांनी दिवे आणि मडगार्ड काढून टाकलेली आपली अवजड गाडी, वजनाने निम्म्याहून हलक्या बुगाटी गाड्यांच्या गर्दीत उतरवली आणि दुसरा क्रमांक मिळवला. पहिले आले ते फिलिप एतांसेलँ, बुगाटीमधून. एतोर बुगाटी हे बेंटले गाड्यांना वेगवान लॉऱ्या म्हणून हिणवीत, असे सांगतात. त्या दिवशी त्यांपैकी एका लॉरीने त्यांच्या एक सोडून सर्व गाड्यांना मागे टाकले.

ऑक्टोबर १९३० मध्ये पॅजेट यांनी संघाचा खर्च थांबवला. जागतिक मंदीत सापडलेली बेंटले कंपनी इ.स. १९३१ मध्ये दिवाळखोरीत निघाली आणि रोल्स-रॉइसने ती विकत घेतली. कंपनी बुडण्याचे खापर ब्लोअरवर फोडले जाते, पण ते एकमेव कारण नव्हते. मंदीत महागड्या गाड्यांचे गिऱ्हाईकच आटले होते.

जून १९३१ मध्ये बर्किन यांनी अर्ल हाऊ यांच्यासह ले माँ दुसऱ्यांदा जिंकली, ती इटालियन अल्फा रोमिओ ८सी २३०० मधून. चोवीस तासांत ३,००० किलोमीटरचा टप्पा प्रथमच ओलांडला गेला. हीदेखील सुपरचार्जरची गाडी होती आणि तिचे इंजिन ब्लोअरच्या जवळजवळ निम्म्या आकाराचे होते. फरक असा की अभियंते व्हित्तोरिओ यानो यांनी ते पहिल्या रेघेपासून सुपरचार्जर गृहीत धरूनच आखले होते. त्यातील भाता नंतर जोडलेला नव्हता. बर्किन आणि बेंटले यांच्या वादातील दोघांचेही म्हणणे या एका गाडीत खरे ठरले, असे म्हणता येईल. याच वर्षी वडिलांच्या निधनानंतर बर्किन यांच्याकडे बॅरोनेट हा किताब आला. इंग्लंडसाठी जिंकायचे, पण गाडी परदेशी, याचे शल्य त्यांनी इ.स. १९३२ मधील ‘फुल थ्रॉटल’ या आत्मचरित्रात मांडले आहे. या पुस्तकाचे शब्दांकन कवी मायकेल बर्न यांचे होते.

पॅजेट यांनी एक गाडी मात्र राखली होती, ती म्हणजे एका आसनाची ब्लोअर. तिच्यातून २४ मार्च, इ.स. १९३२ रोजी बर्किन यांनी ब्रुकलँड्सच्या बाह्य वर्तुळावर ताशी १३७.९६ मैल, म्हणजे सुमारे २२२ किलोमीटर, असा फेरीचा विक्रम केला. खडबडीत काँक्रीटच्या त्या उताराच्या पट्टीवर जड गाडी काही ठिकाणी चाकांसह हवेत उचलली जाई.

मृत्यू

७ मे, इ.स. १९३३ रोजी लिबियातील त्रिपोली ग्रां प्रीमध्ये बर्किन यांनी मासेराती गाडीतून तिसरा क्रमांक मिळवला. थांब्यावर सिगारेटचा लाइटर घेण्यासाठी वाकताना त्यांचा हात तापलेल्या एक्झॉस्ट नळीला लागून भाजला. जखमेकडे त्यांनी फारसे लक्ष दिले नाही. इंग्लंडला परतल्यावर तिच्यातून रक्तात विष भिनले. त्यातच युद्धकाळातील हिवताप उलटला. प्रतिजैविके अद्याप वापरात आली नव्हती. २२ जून, इ.स. १९३३ रोजी लंडनमधील एका शुश्रूषागृहात, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. नॉरफोकमधील ब्लेकनी येथे त्यांचे दफन करण्यात आले.

त्यांच्या गाड्या

इयन फ्लेमिंग यांनी आपल्या सुरुवातीच्या कादंबऱ्यांत जेम्स बाँड या नायकाला दिलेली गाडी साडेचार लिटरची बेंटलेच आहे आणि तिला ॲम्हर्स्ट व्हिलिअर्स यांचाच सुपरचार्जर आहे. इ.स. १९९५ च्या ‘फुल थ्रॉटल’ या बीबीसी दूरचित्रवाणी चित्रपटात रोवन ॲटकिन्सन यांनी बर्किन यांची भूमिका केली. लाल रंगाची ती एका आसनाची ब्लोअर इ.स. २०१२ मध्ये इंग्लंडमधील गुडवुड येथील लिलावात ५० लाख पौंडांहून अधिक किमतीस विकली गेली. बेंटले कंपनीने इ.स. २०१९ मध्ये मूळ संघातील गाडीचे सुटे भाग मोजून तशाच बारा नव्या ब्लोअर गाड्या बनवण्याची घोषणा केली. त्यांतही सुपरचार्जर रेडिएटरच्या पुढे, पूर्वीच्याच जागी, ठेवण्यात आला.