खटल्याच्या नावातले अभ्यंकर

जोशी-अभ्यंकर हे दोन शब्द महाराष्ट्रात जोडूनच उच्चारले जातात. आमच्या वेळापुरात पालखी तळाजवळच्या पारावर बसणारी म्हातारी माणसेसुद्धा हे नाव घेतात आणि पाठोपाठ जक्कल, सुतार अशी मारेकऱ्यांची नावे ओळीने सांगतात. त्या वर्षी इथेही दिवे लागणीला कड्या लावून घेत, असे माझी आजी सांगते. परंतु यांतले अभ्यंकर कोण, असे विचारले, की पार गप्प होतो. वाचकहो, प्रस्तुत लेख त्या अभ्यंकरांविषयी आहे.

आम्हां तरुणांना हे प्रकरण ठाऊक होते ते 'माफीचा साक्षीदार' या चित्रपटामुळे. राजदत्त यांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट १९८६ साली आला. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही चौघा मित्रांनी तो मोबाईलवर पाहिला. नाना पाटेकरांचा थंड चेहरा मनातून जाता जात नाही. चित्रपट चांगला आहे, यात वाद नाही. मात्र असे चित्रपट मारेकऱ्याच्या खांद्यावरून पाहतात. ज्याच्या घराची बेल वाजते तो माणूस दार उघडण्यापुरताच पडद्यावर येतो.

हकीकत थोडक्यात सांगतो. पुण्याच्या अभिनव कला महाविद्यालयातील काही विद्यार्थ्यांनी जानेवारी १९७६ ते मार्च १९७७ या काळात दहा खून केले. पहिला बळी त्यांचाच वर्गमित्र होता. ३१ ऑक्टोबर १९७६ रोजी जोशी कुटुंबातील तिघे मारले गेले आणि १ डिसेंबरला भांडारकर रस्त्यावरील 'स्मृती' बंगल्यात पाच जण. टोळीतलाच एक जण माफीचा साक्षीदार झाला, १९७८ मध्ये निकाल लागला आणि २७ नोव्हेंबर १९८३ रोजी येरवड्याच्या तुरुंगात चौघांना फाशी देण्यात आली. ही मुले आपल्यासारखीच हजेरीपटावर होती, ही गोष्ट मला त्यांच्या क्रौर्याहून अधिक अस्वस्थ करते. त्यांच्याविषयी याहून जास्त लिहिण्याची माझी इच्छा नाही. त्यांच्यावर पुष्कळ लिहून झाले आहे.

'स्मृती' बंगल्यात राहणारे काशीनाथ वासुदेव अभ्यंकर १८९० साली जन्मले. घराणे व्याकरणशास्त्राचे. साताऱ्याला भास्करशास्त्री अभ्यंकरांनी अनेक विद्यार्थी तयार केले होते. काशीनाथांचे वडील महामहोपाध्याय वासुदेवशास्त्री हे फर्ग्युसन महाविद्यालयात शास्त्री होते. काशीनाथ एम. ए. झाले आणि अहमदाबादच्या गुजरात कॉलेजात संस्कृतचे प्राध्यापक म्हणून राहिले. गुजरात ही जैनांची भूमी. तिथे त्यांनी अर्धमागधीतील दशवैकालिक सूत्राचेही संपादन केले.

मला ज्या कामाविषयी विशेष सांगावयाचे आहे ते मराठीतले आहे. पाणिनीने सुमारे चार हजार सूत्रांत संस्कृतचे व्याकरण बांधले. त्यावर कात्यायनाने वार्तिके लिहिली आणि या दोहोंची चर्चा पतंजलीने महाभाष्यात केली. शेकडो वर्षे हा ग्रंथ गुरूच्या पायाशी बसूनच शिकावा लागे, आणि त्या पायाशी कुणी बसावे हे जन्मावरून ठरे. वासुदेवशास्त्र्यांनी संपूर्ण महाभाष्य मराठीत आणले आणि डेक्कन एज्युकेशन सोसायटीने ते छापले. वासुदेवशास्त्री १९४२ साली वारले, तरी खंड निघतच राहिले. सहा खंडांत भाषांतर झाले आणि सातवा प्रस्तावनाखंड १९५४ साली काशीनाथशास्त्र्यांनी स्वतः लिहिला. पाणिनीच्या आधी कोण होते, नंतर कोण झाले, टीका कुणी कुणावर लिहिली, हा सारा इतिहास त्यांनी मराठीत मांडला.

माझे वडील दुसऱ्याच्या शेतावर सालगडी आहेत. आमच्या घरात पंचांगाखेरीज छापील कागद नव्हता. माझ्यासारख्या मुलाच्या हाती पतंजली पडू शकतो तो या खंडांमुळे, आणि म्हणून मी या कामाला कोशाहूनही वरचे स्थान देतो. आमच्या संस्कृतच्या सरांना हे पटत नाही.

कोशाचे मोठेपण मात्र मीही मानतो. १९६१ साली बडोद्याच्या प्राच्यविद्या संस्थेने गायकवाड ग्रंथमालेत त्यांचा संस्कृत व्याकरणाचा कोश प्रसिद्ध केला. तो इंग्रजीत आहे, त्यामुळे मला एकेका नोंदीला अर्धा अर्धा तास लागतो. व्याकरणातील पारिभाषिक शब्द, ग्रंथ आणि ग्रंथकार सारे त्यात आहेत. अशा कोशाची गरज का पडते ते एका शब्दावरून कळेल. लोप म्हणजे नाश, असे आपण समजतो. पाणिनीच्या लेखी लोप म्हणजे केवळ न दिसणे. प्रत्यय दिसेनासा झाला तरी त्याच्यामुळे होणारे कार्य होतच राहते. हा फरक ठाऊक नसेल तर पुढची शेकडो सूत्रे अडतात. या कोशात अभ्यंकरांची स्वतःचीही नोंद आहे. तिथे त्यांनी स्वतःला पंडित म्हटले नाही, प्राध्यापकही म्हटले नाही. व्याकरणाचा विद्यार्थी एवढेच लिहून आपली पुस्तके सांगितली. शेजारीच वडिलांची नोंद आहे, तिथे मात्र विशेषणाला हात आखडलेला नाही.

त्या वेळी त्यांनी सत्तरी ओलांडली होती. पुढच्या दशकात त्यांनी केलेले काम पाहून आपल्यासारख्यांनी तोंडात बोट घालावे. भांडारकर प्राच्यविद्या संस्थेसाठी कीलहॉर्न यांच्या महाभाष्याची सुधारलेली आवृत्ती तीन भागांत, शेवटचा १९७२ मध्ये. वि. प्र. लिमये यांच्यासह भर्तृहरीचे वाक्यपदीय १९६५ मध्ये, मग त्याचीच महाभाष्यदीपिका. १९६७ मध्ये परिभाषासंग्रह, म्हणजे सूत्रे कशी लावावीत याविषयीच्या नियमांचे निरनिराळे ग्रंथ एका ठिकाणी. कोशाची सुधारित आवृत्ती जे. एम. शुक्ल यांच्यासह तयार झाली होती. ती १९७७ साली निघाली. तेव्हा 'स्मृती'तली ती रात्र होऊन गेलेली होती.

त्या रात्री शास्त्रीबुवा, त्यांच्या पत्नी आणि दोन तरुण नातवंडे यांच्याबरोबर घरात काम करणारी एक वयस्क बाईही गेली. खटल्याच्या नावात तिचे आडनाव नाही. शास्त्रीबुवांचे निदान ग्रंथ आहेत, यादी करता येते. तिने किती वर्षे त्या घरची भांडी घासली, तिच्या गावी कोण होते, हे कुठल्या पुस्तकात शोधावे? माझी आई वेळापुरात दोन घरची धुणीभांडी करते, म्हणून माझे लक्ष तिकडे गेले असेल.

महाभाष्याच्या पहिल्या आह्निकात पतंजलीने एक उदाहरण दिले आहे. मडके हवे असले तर माणूस कुंभाराकडे जाऊन सांगतो, शब्द हवा म्हणून कुणी व्याकरणकाराच्या घरी जात नाही. शब्द लोकांपाशी आधीच असतात. हे मी वडिलांना वाचून दाखवले. त्यांनी बिडी विझवली आणि पुढे काय लिहिले आहे ते विचारले. सध्या आम्ही दोघे मिळून पहिला खंड वाचतो आहोत, रोज जेवणानंतर दोन पाने.