डॉ. द्वारकानाथ कोटणीस : एक पुण्यस्मरण

सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल प्रसंगी कोणाचे स्मरण करावे, असा प्रश्न उभा राहिला तेव्हा आम्हांस प्रथम आठवले ते सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस. आम्ही भिलाईकर पोटापाण्यासाठी महाराष्ट्राबाहेर आलो व येथेच रुजलो. ते मात्र सेवेसाठी देशाबाहेर गेले आणि तेथेच विसावले.

१० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात त्यांचा जन्म झाला. मुंबईच्या सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयातून त्यांनी पदवी घेतली. १९३७ मध्ये जपानने चीनवर सर्वंकष आक्रमण केले. चिनी सेनापती चू तेह यांनी पंडित नेहरूंकडे वैद्यकीय साहाय्य मागितले. त्या वेळी सुभाषबाबू काँग्रेसचे अध्यक्ष होते. अलाहाबादचे अटल, नागपूरचे वयोवृद्ध चोळकर, कलकत्त्याचे बसू व मुखर्जी आणि आपले कोटणीस असे पाच डॉक्टर सप्टेंबर १९३८ मध्ये मुंबई बंदरातून निघाले. त्या काळी आपला दुर्ग जिल्हा मध्यप्रांतात होता व नागपूर ही त्याची राजधानी होती. त्यामुळे चोळकरांच्या रूपाने या पथकाशी आपल्याही मातीचा संबंध जडलेला आहे.

चुंगकिंगला असताना कोटणिसांस वडिलांच्या निधनाची वार्ता कळली. परत फिरण्यास याहून मोठे कारण कोणते असणार? परंतु ते परतले नाहीत. १९३९ च्या फेब्रुवारीत पथक येनानला पोहोचले. पुढे अटल, चोळकर व मुखर्जी यथावकाश मायदेशी आले, बसू १९४३ मध्ये आले. कोटणीस उत्तर चीनच्या आघाडीवरच राहिले.

तेथील कार्याचे मर्म आपल्या तरुण शुश्रूषकांनी व पॅरामेडिक विद्यार्थ्यांनी अवश्य ध्यानी घ्यावे. कॅनडाचे शल्यविशारद नॉर्मन बेथून यांनी त्या प्रदेशात एक तत्त्व रुजविले होते : जखमी येण्याची वाट न पाहता वैद्याने जखमीकडे जावे. नोव्हेंबर १९३९ मध्ये रक्तदोषाने बेथून निवर्तले. त्यांच्या नावे चालणाऱ्या आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे संचालकपद जानेवारी १९४१ मध्ये कोटणिसांकडे आले. औषधे अपुरी, साधने तुटपुंजी, शत्रू जवळ. तरीही एकीकडे शस्त्रक्रिया व दुसरीकडे अध्यापन, तेही चिनी भाषेत, असा त्यांचा दिनक्रम होता. एक शल्यविशारद सर्वत्र पोहोचू शकत नाही. शिकविलेले हात मात्र पोहोचतात.

हे हात प्रथम काय करतात? आजच्या प्रशिक्षणवर्गात शिकवितात की, आधी स्थळ सुरक्षित आहे काय ते पाहावे. जोराचा रक्तस्राव दिसल्यास तो तत्काळ दाबून थांबवावा. मग श्वासमार्ग मोकळा आहे ना, श्वास कसा चालतो, नाडी कशी लागते, शुद्ध कितपत आहे, हे क्रमाने तपासावे आणि अंग उघडून लपलेली जखम शोधावी. अनेक जखमी एकत्र असता जो आक्रोश करतो त्याचा श्वास निदान चालू असतो. जो निपचित पडला आहे त्याच्याकडे आधी वळावे. भट्ट्या, क्रेन व वितळलेले पोलाद यांच्या सान्निध्यात राहणाऱ्या या नगरीस या ज्ञानाचे मोल वेगळे सांगावयास नको. सेक्टर नऊचे रुग्णालय कितीही सुसज्ज असले, तरी अपघातानंतरची पहिली काही मिनिटे जवळ उभ्या असलेल्या सहकाऱ्याच्याच हाती असतात.

१९४१ मध्ये शुश्रूषाशास्त्राच्या अध्यापिका क्वो छिंगलान यांच्याशी कोटणिसांचा विवाह झाला. १९४२ मध्ये पुत्ररत्न झाले, त्याचे नाव यिनहुआ ठेविले. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन. मात्र तोपर्यंत अपस्माराच्या झटक्यांनी डॉक्टरांचे शरीर पोखरले होते. उपचारासाठी आघाडी सोडण्याचा सल्ला त्यांनी मानला नाही. ९ डिसेंबर १९४२ रोजी, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, त्यांची प्राणज्योत मालवली. बाळ अवघ्या काही महिन्यांचे होते. शस्त्रक्रियाशास्त्रावरील पाठ्यपुस्तक अपुरे राहिले.

येथे आम्ही थोडे थबकतो. त्यांच्या त्यागापुढे नतमस्तक होतानाही मनात येते की, सहस्रावधींची नाडी पाहणाऱ्या या पुरुषाने स्वतःची नाडी पाहिली असती तर? आपल्याकडेही छातीतली कळ लपवून पाळीवर जाणारे कर्तव्यदक्ष कुटुंबप्रमुख घरोघरी आहेत. त्यांनी कोटणिसांची निष्ठा अवश्य घ्यावी, ही हयगय मात्र घेऊ नये.

१९४६ मध्ये व्ही. शांताराम यांनी त्यांची कथा रुपेरी पडद्यावर आणिली. १९९३ मध्ये भारतीय टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढिले. चीनमधील शिजियाझुआंग येथे त्यांची समाधी आहे, तर सोलापुरातील त्यांचे घर आता स्मारक झाले आहे. या मंडळाच्या प्रत्येक सभासद-कुटुंबातील निदान एकाने प्रथमोपचार शिकून घ्यावा, हेच त्यांस खरे अभिवादन ठरेल, असे आम्हांस नम्रपणे वाटते.